दोन दिवस लांबचं कॉलेज

माझ्या अभ्यासिकेत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात जयसिंगने इम्तियाजचं नाक फोडलं. कारण म्हणाल तर खुर्ची. पंख्याखालच्या खुर्चीवर जयसिंग रोज बसू लागला होता आणि त्या दिवशी इम्तियाज तिथे आधी येऊन बसला. जयसिंग म्हणाला, ऊठ. इम्तियाजने विचारलं, खुर्चीवर तुझ्या आजोबांचं नाव कोरलंय का? पुढचं मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. आत धावलो तेव्हा इम्तियाज जमिनीवर बसला होता, चष्म्याचे दोन तुकडे झाले होते आणि वहीवर रक्त ठिबकत होतं. बाकीची मुलं भिंतीला चिकटून उभी. एका स्पर्धा परीक्षावाल्याने तेवढ्यातही मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं होतं. भावी साहेबाचा तो मोबाइल मी आधी हिसकावून घेतला.

अभ्यासिका पुण्याच्या कसबा पेठेत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. मी जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, निवृत्त झालो, आणि दिवसभर घरात मी दिसतो हे बायकोला सहन होईना म्हणून हा उद्योग काढला. मुलं मला काका म्हणतात आणि घाबरतात. दोन्ही मला आवडतं. मी जयसिंगला सांगितलं, सॅक उचल आणि चालू लाग. तो हललाच नाही, आपल्या मुठीकडे बघत राहिला.

"मला मारायचं नव्हतं काका," तो म्हणाला. "हात आधी जातो, मी मागनं पोचतो."

"मग उद्यापासून हात घरी ठेवून येत जा."

त्यानेच इम्तियाजला खांद्याचा आधार देऊन गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं आणि दोन दिवसांनी नवा चष्मा आणून दिला. असल्या पश्चात्तापाचं मला कौतुक नाही, मी त्याला काढणारच होतो. पण इम्तियाजनेच रदबदली केली. म्हणाला, राहू द्या काका, जुना चष्मा अब्बांच्या पसंतीचा होता, कधीतरी फुटायलाच हवा होता. मग जयसिंग राहिला. बसायला मात्र मी त्याला संडासाशेजारची खुर्ची दिली. दोघं एकाच परीक्षेला बसणार होते, देशभरातल्या चांगल्या संस्थांतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, विषय फिजिक्स. दिवाळीपर्यंत दोघं एका डब्यात जेवायला लागले.

जयसिंग लोणी काळभोरचा. सोलापूर रस्त्यालगत त्यांची जमीन. वडील गेनबा आणि चुलते संभाजी हे सख्खे भाऊ, आणि दोघांच्या वावरांमध्ये एक बांध. हा बांध दरवर्षी नांगरटीला कोरला जायचा, कधी इकडून, कधी तिकडून. रस्त्याकडेच्या गुंठ्याला सोन्याचा भाव आला तशी भांडणात दगडांच्या जागी काठ्या आल्या, मग काठ्यांच्या जागी लोखंडी पाइप. जयसिंगच्या डोक्यात केसांखाली लांब व्रण होता. तो त्याला नववीत असताना मिळाला होता. त्याने स्वतः किती जणांची डोकी फोडली ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पोलीस चौकीत दर वेळी दोन्हीकडच्या एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारी, लिहून घ्यायचे, चहा मागवायचे आणि घरी पाठवायचे. दोन्ही घरांच्या बायका एकाच नळावर पाणी भरत. तिथेही एकदा जयसिंगच्या आईचा, बायडाबाईंचा, अंबाडा धरून जावेने त्यांना फरशीवर आपटलं होतं.

नाताळच्या सुट्टीत मी दोघांना जवळ घेऊन बसलो आणि सांगितलं, परीक्षा होईल तेव्हा होईल, कुठल्या संस्था मागायच्या ते आत्ताच ठरवा, निकालानंतर सगळ्यांचीच डोकी फिरतात. इम्तियाजची यादी शहाण्या माणसासारखी होती, कुठे कोण शिकवतं, कुठली प्रयोगशाळा चांगली, पुढे पीएचडीला काय उपयोग. त्यात मुंबई पहिली. जयसिंगच्या यादीत गुवाहाटी पहिली, मग पाटणा, मग खरगपूर, मग रुरकी. मुंबई नव्हतीच. मला वाटलं, विसरला असेल. विचारलं तर म्हणाला, मुंबई नको.

मी चिडलो. अरे गाढवा, म्हटलं, ज्या विषयासाठी तू रात्रंदिवस मरतोयस त्याचा सगळ्यात चांगला विभाग मुंबईत आहे, आणि तू पाटण्याला काय गंगास्नानाला निघालास? यादी कशाच्या जोरावर केलीस?

"गाडीच्या," तो म्हणाला. "गुवाहाटीहून यायला दोन दिवस लागतात, वर काही तास. पाटण्याहून दीड. मुंबईहून मी जेवणाच्या आत लोणीत असतो."

मग त्याने सगळं सांगितलं. त्यांच्या भावकीत रीत अशी की मारामारी उभी राहिली की घरातल्या प्रत्येक पुरुषाने यायचं. न येणाऱ्याच्या दारात दुसऱ्या दिवशी बांगड्या ठेवलेल्या असतात. माफी एकालाच, जो दिवस मावळायच्या आत पोचू शकत नाही त्याला. मयतीला नातलगांसाठी थांबायचा जो नियम तोच मारामारीला. जयसिंगचा थोरला भाऊ बजरंग पुण्यातच बिबवेवाडीत औषधांच्या दुकानात कामाला होता. बायको, लहान मुलगी, दोन खोल्यांचं घर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आदल्या वर्षी फोन आला, बांधावर ये. त्याने दुकानाचा कोट काढून खुंटीला टांगला, मोटारसायकल काढली आणि तासाभरात लोणीत पोचला. उतरताक्षणी पहिला दगड डोळ्यावर बसला. डोळा गेला. आता तो एका डोळ्याने गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचतो.

"बिबवेवाडी जवळ पडली काका," जयसिंग म्हणाला. "मला बोलावलं तर मी नाही म्हणू शकणार नाही. माझं मला माहीत आहे. म्हणून पोचताच येणार नाही असं कॉलेज पाहिजे."

मी आयुष्यात पुष्कळ मुलांना संस्था निवडायला मदत केली आहे. नोकरीसाठी निवडणारी पाहिली, पोरीच्या मागे जाणारी पाहिली, आईच्या हातचं जेवण सुटू नये म्हणून पुणं न सोडणारी तर ढिगाने पाहिली. रेल्वेचं वेळापत्रक पुढ्यात घेऊन, सगळ्यात हळू पोचवणारी गाडी कुठून सुटते ते पाहून एमएस्सी निवडणारा हा पहिलाच. मला त्याच्या बापाचा, चुलत्याचा, सगळ्या गावाचा संताप आला. पण यादी चुकीची आहे असं म्हणायला तोंड राहिलं नाही.

परीक्षेला आठवडा राहिला असताना तो कपडे आणायला गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी आला नाही. दुपारी इम्तियाज जिना चढून आला, म्हणाला, काका चला, हडपसरच्या दवाखान्यात आहे. जयसिंग खाटेवर बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, बोटं जांभळी सुजलेली. कालव्याच्या पुलावर संभाजीने आणि त्याच्या दोन मुलांनी त्याला गाठलं होतं. मुलांनी त्याला गुडघ्यांवर बसवलं, एकाने मान दाबली, दुसऱ्याने मनगट कठड्यावर धरलं, आणि संभाजीने कुऱ्हाडीच्या दांड्याने सावकाश, एकेक करून बोटं मोडली. डोक्याला हात लावला नाही, पायाला नाही. दांडा खाली ठेवून म्हणाला, "आता लिही पेपर." गेनबाचा पोरगा साहेब झाला तर तहसील आणि कोर्ट त्याच्या खिशात जाईल, ही त्याला भीती होती.

साठीनंतर माणसाला रक्तदाबाच्या गोळ्या असतात, शिव्या द्यायलाही दम लागतो, तरी मी दिल्या. त्या वॉर्डात त्यापूर्वी कोणी दिल्या नसतील अशा दिल्या. मग जयसिंगच्या तोंडाकडे लक्ष गेलं. ते पोरगं हसत होतं.

"परीक्षा कॉम्प्युटरवर आहे," तो म्हणाला. "संभाजीनानाला वाटलं, दौत-टाक घेऊन बसायचंय."

खरंच होतं. परीक्षेत लिहायचं काही नव्हतं. माउसने उत्तर निवडायचं, आकडे पडद्यावरच्या कळफलकावर टिचकी मारून भरायचे. अडचण होती ती कच्च्या कामाची, कारण गणितं काही माउस सोडवत नाही. उरलेला आठवडा इम्तियाजने स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून त्याला डाव्या हाताने लिहायला बसवलं. सवयीने उजवा हात पुढे आला की इम्तियाज त्याच्या खांद्यावर फूटपट्टी हाणायचा आणि म्हणायचा, ही नाकाची वसुली. जयसिंग वेदनेने पांढराफटक पडायचा, घाम पुसायचा आणि पुन्हा डाव्या हाताने लहान मुलासारखे वेडेवाकडे आकडे काढायचा. त्या दिवसांत तो एकदाही बदला घेण्याबद्दल बोलला नाही. मी मुद्दाम टोकूनही पाहिलं. तो म्हणाला, "मी पुलावर उलट मारलं असतं तर केस झाली असती, आणि परीक्षा हुकली असती. मला जायचंय काका."

निकाल लागला तेव्हा दोघंही चांगल्या क्रमांकाने पास होते. जयसिंगला त्याच्या यादीतलं काहीही मिळालं असतं, आणि यादीत नसलेली मुंबईसुद्धा. त्याने मागणी नोंदवली, गुवाहाटी पहिली, आणि घरी सांगून टाकलं. ती घाई नडली.

दुसऱ्या दिवशी गेनबा अभ्यासिकेत आले. उंच, वाळलेला माणूस, एका पायाने लंगडणारा. तो पायही बांधावरच गेलेला. हातात लोणीच्याच कुठल्याशा कॉलेजचं चकचकीत पुस्तक होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि रीतसर नमस्कार करून म्हणाले, गावातच कॉलेज आहे, घराच्या गच्चीवरून दिसतं, तिथं एमबीए करू द्या, तुम्ही सांगितलं तर ऐकेल. मी म्हणालो, मी सांगणार नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या जयसिंगकडे वळले.

"एका पोराचा डोळा गेलाय," ते म्हणाले. "मी असा लंगडा. आता तू बी निघालास. बांधावर हुबं कोन ऱ्हानार? तुजी आई?"

गेनबांनी कमरेचा पट्टा काढला. पूर्ण भरलेल्या अभ्यासिकेत, वीस-पंचवीस पोरांसमोर, त्यांनी त्याला मारायला सुरुवात केली. पाठीवर, मानेवर, कानावर. पट्ट्याच्या टोकाचं बक्कल प्रत्येक वेळी वेगळा आवाज करत होतं. जयसिंग बापापेक्षा दीडपट रुंद होता, एका हाताने त्यांना खिडकीबाहेर ठेवू शकला असता. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, नुकत्याच जुळलेल्या बोटांसकट, आणि धरूनच ठेवली. शर्ट फाटून पाठीवर रक्त आलं. मी मध्ये पडलो तर बक्कल माझ्या भुवईवर लागलं आणि डोळ्यांत रक्त उतरलं. तेव्हा मी गेनबांच्या थोबाडीत मारली. मी जन्मात कोणाच्या मारली नव्हती. ती बसली मात्र अशी की मलाच नवल वाटलं.

"मारा आण्णा," जयसिंग टेबल न सोडता म्हणाला. "पण यादी बदलणार नाही."

गेनबांनी पट्टा पुन्हा कमरेला घातला. दोन वेळा बक्कल लागेना. जिन्यापाशी वळून ते एवढंच म्हणाले, "जा. तू मेलास मला." मग लंगडत उतरून गेले. मला त्या माणसाची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला. इम्तियाजने माझ्या भुवईवर रुमाल दाबून धरला होता. कोणीतरी पुस्तक उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

जुलैत जयसिंग गेला. इम्तियाज मुंबईला लागला. जयसिंगचा महिन्याकाठी फोन यायचा. इथे भातच भात आहे, मासे खायला शिकलो, प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत बसू देतात, असं काहीबाही सांगायचा. एकदा होस्टेलवर एका पोराने त्याला भर पंगतीत आईवरून शिवी दिली. तो ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. हे सांगताना त्याचा आवाज असा होता की जणू सुवर्णपदक मिळालंय. मी नेहमीप्रमाणे काहीतरी तिरकस बोललो, पण त्या दिवशी मी खूश होतो. संध्याकाळी बायकोला जिलबी नेली. तिने विचारलं, काय झालं, तर मी म्हणालो, आमचा एक विद्यार्थी मार न देता जेवला.

फेब्रुवारीत संभाजीच्या मुलांनी गेनबांना पहाटे विहिरीवर गाठलं आणि पाइपाने मांडीचं हाड मोडलं. गेनबा दवाखान्यात गेले, मुलं फरार झाली, पोलीस येऊन पंचनामा करून गेले. जयसिंगला सकाळी घरून फोन गेला. फोन ठेवून तो नाश्त्याला जाऊन बसला, पण त्याच्याने घास उतरेना. शेजारच्या मुलाने काय झालं विचारलं. जयसिंगने सांगितलं, वडिलांना मारलंय, आणि मला पोचायला दोन दिवस लागतात.

त्या भल्या पोराने खिशातून फोन काढला. म्हणाला, दोन दिवस कशाला, तीन तासांनी विमान आहे, कोलकात्याला बदललंस की संध्याकाळी पुण्यात.

एवढी साधी गोष्ट. पुण्याच्या विमानतळावर, लोहगावला, उतरणारी विमानं जयसिंगच्या डोक्यावरून रोज जात होती. पण विमानात आपणही बसू शकतो हे त्याच्या हिशेबात कधी आलं नव्हतं. त्याच्या घरातलं कोणी बसलं नव्हतं, ओळखीतलं कोणी बसलं नव्हतं. यादी करताना मीही शेजारी होतो, आणि माझ्याही डोळ्यांसमोर रेल्वेचंच वेळापत्रक होतं. होस्टेलच्या मुलांना वाटलं, वडील शेवटच्या घटका मोजतायत. त्यांनी वर्गणी काढली, तिकीट काढलं, दोघं जण त्याला विमानतळावर सोडायला गेले, आणि सुरक्षेच्या रांगेत काय काय काढून ठेवायचं तेही समजावून सांगितलं. सगळे चांगले होते. कोणाचं काही चुकलं नाही.

दिवस मावळायच्या आत तो लोहगावला उतरला. दवाखान्यात गेला नाही. रिक्षा करून थेट लोणीला गेला. संभाजी आपल्या घराच्या ओट्यावर बसून पाय धूत होता. मुलं नव्हती, बायको आत चुलीपाशी होती. भिंतीला टेकवलेलं फावडं जयसिंगने उचललं. संभाजीने वर पाहिलं आणि म्हणे विचारलं, कधी आलास? पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. पुढचे कोणी मोजले नाहीत. दांडा मोडला तेव्हा जयसिंगने पायांनी काम सुरू ठेवलं. चुलती त्याच्या पाठीला लोंबकळून किंचाळत होती. गल्लीतली माणसं जमली, पण जवळ गेलं नाही कोणी. शेवटी तो थकला आणि त्याच ओट्यावर बसला. पोलीस आले तेव्हाही बसलेलाच होता. पाठीवर कॉलेजची सॅक तशीच होती, आणि सॅकच्या पट्ट्याला विमान कंपनीचा कागद अडकवलेला होता. संभाजी दुसऱ्या दिवशी मेला.

मी येरवड्याच्या तुरुंगात एकदा जाऊन आलो. जाळीपलीकडून जयसिंगने माझ्या बायकोची, इम्तियाजची, अभ्यासिकेतल्या नव्या मुलांची चौकशी केली. एवढ्या लांब जाऊन तू असं का केलंस, हे विचारायला मी गेलो होतो. विचारलं नाही.

मार्चच्या शेवटी बायडाबाई अभ्यासिकेत आल्या. बजरंग खाली मोटारसायकलपाशी उभा होता, तो वर आला नाही. बाईंनी पदर डोक्यावरून घेतला होता. खुर्ची पुढे केली तर त्या जमिनीवर बसल्या. विचारत होत्या, तिकडची त्याची जागा कॉलेज ठेवील का. दोन वर्षं, चार वर्षं, काय लागतील ती. मी आयुष्यभर लोकांना तोडून बोलत आलो, त्या दिवशी मला ते जमलं नाही. नाही ठेवणार, एवढंच शक्य तितक्या हळू सांगितलं. त्यांनी मान डोलवली, जणू माहीतच होतं. उठल्या, दाराशी गेल्या, आणि मला राहवलं नाही. मी म्हणालो, बाई, त्या सकाळी कोणी बोलावलं त्याला? गेनबांनी?

"ते बेशुद्ध हुते," बायडाबाई म्हणाल्या. "बजरंग दवाखान्यात पळत हुता. फोन म्या केला. म्हनलं, आण्णाला मारलंय, पर जिवाला धोका न्हाई, कुनी काय बी सांगू दे, तू येऊ नगं. तितंच ऱ्हा. येऊ नगं म्हनायलाच म्या फोन केलता." त्यांनी जिन्याचा कठडा धरला. "त्यो व्हय म्हनला."